आकडे पाठीवरून पुढे यायला हवेत

फरसाणाचे कोणतेही बंद पाकीट घ्या आणि उलटे करा. बारकोडच्या शेजारी, पाकिटाच्या शिवणीला लागून, बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, स्निग्ध पदार्थ, त्यांतले संपृक्त आणि ट्रान्स, कोलेस्टेरॉल, सोडियम. आपण किंमत पाहतो, तारीख पाहतो आणि हा तक्ता सोडून देतो. पण या दहा ओळींत दीडशे वर्षांचे रसायनशास्त्र आहे, निलगिरीच्या डोंगरातली एक प्रयोगशाळा आहे आणि कायदेमंडळापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चाललेला एक वाद आहे. अन्नावर पोषणमूल्ये छापण्याची सक्ती असावी का, हा तो वाद. त्यात आपल्या पुण्याने जगाला सांगितलेली एक गोष्टही आहे, आणि ती ऐकल्यावर हा तक्ता पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

अन्न जाळून मोजतात

पहिली ओळ ऊर्जेची. शेवेत किती ऊर्जा आहे हे कसे कळते? शेव जाळून! जाड पोलादी भांड्यात पदार्थाचा वाळवलेला नमुना ठेवतात, भांड्यात दाबाखाली प्राणवायू भरतात, भांडे पाण्यात बुडवतात आणि विजेच्या ठिणगीने आत आग लावतात. पदार्थ क्षणात जळतो आणि बाहेरचे पाणी तापते. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. पाणी किती तापले यावरून पदार्थात किती ऊर्जा होती हे कळते.

पण माणूस म्हणजे पोलादी भांडे नव्हे. आपल्या शरीरातही अन्न जळते, फक्त ज्वाळेशिवाय, सदतीस अंशांवर, अतिशय सावकाश. ते ज्वलन मोजायचे तर माणसालाच मोजयंत्रात बसवायला हवे. विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात नेमके तेच केले. कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी त्याने माणूस आत राहू शकेल अशी बंद खोली उभारली. स्वयंसेवक तिच्यात कित्येक दिवस राहत, खात, झोपत, व्यायाम करत. आत जाणारा प्रत्येक घास, बाहेर येणारा श्वास, मलमूत्र आणि अंगातून निघणारी उष्णता, सगळ्याचा हिशेब ठेवला जाई.

त्या हिशेबातून तीन आकडे निघाले: प्रथिनांच्या एका ग्रॅममागे ४ किलोकॅलरी, कर्बोदकांच्या एका ग्रॅममागे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे ९. गंमत अशी की पोलादी भांड्यात प्रथिनांच्या ग्रॅममागे साडेपाचहून अधिक किलोकॅलरी मिळतात, पण शरीराला मिळतात चारच. प्रथिनांतला नायट्रोजन शरीर पूर्ण जाळत नाही, तो युरिया होऊन लघवीवाटे बाहेर जातो आणि थोडी ऊर्जा सोबत घेऊन जातो. एवढी सूक्ष्म गोष्टही त्या ४ या आकड्यात धरलेली आहे. सव्वाशे वर्षे होत आली, तरी आजही पुण्यातल्या कुठल्याही पाकिटावरची ऊर्जा बहुधा याच ४, ४, ९च्या हिशेबाने काढलेली असते.

न मोजलेले आणि चकवलेले

प्रथिनांची ओळ आणखी चकित करते. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजतच नाहीत, मोजतात नायट्रोजन. ही पद्धत १८८३ साली योहान केल्डाल याने कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत शोधली. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करायचा आणि तो मोजायचा. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ने गुणायचे, की झाली प्रथिने. स्निग्धांशासाठी फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने १८७९मध्ये काचेचे एक उपकरण बनवले. त्यात द्रावक पुन्हा पुन्हा नमुन्यावरून फिरतो आणि सगळे तेल धुऊन काढतो. आणि कर्बोदके? ती बहुतेकदा मोजतच नाहीत. शंभरातून पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि जळून उरलेली राख वजा केली की जे उरेल ते कर्बोदक.

नायट्रोजनवरून प्रथिने ठरवण्यातला धोका २००८मध्ये चीनमध्ये जगाने पाहिला. दुधात पाणी घालून प्रथिनांचे प्रमाण घटले, ते लपवायला त्यात मेलामाइन मिसळले गेले. मेलामाइन हे प्लॅस्टिक उद्योगातले रसायन, पण त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजन. चाचणीला ती प्रथिनेच वाटली. सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली, सहा दगावली. म्हणून नुसता आकडा छापून भागत नाही. त्या आकड्यामागे तपासणारी यंत्रणा लागते, आणि चुकीचा आकडा छापणाऱ्याला जाब विचारणारा कायदाही लागतो.

कुन्नूरचे उंदीर

आपल्या अन्नाचे आकडे मात्र आपल्याच मातीत जमवावे लागले, कारण नाचणी, हुलगा किंवा शेवग्याच्या पाल्याचे मोजमाप युरोपच्या पुस्तकांत सापडणार नव्हते. ही कहाणी १९१८मध्ये निलगिरीतल्या कुन्नूरला सुरू होते. रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने तिथे बेरीबेरी रोगाचा अभ्यास मांडला. पुढे त्याने भारतातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे रोजचे जेवण उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घातले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले, त्यानंतर पठाणी आणि मग मराठी आहारावरचे. पॉलिशच्या तांदळावर भिस्त असलेला मद्रासकडचा आहार तळाला गेला. ताटात काय आहे यावर शरीर किती घडते, हे त्या पिंजऱ्यांनी दाखवून दिले.

त्याच प्रयोगशाळेतून १९३७मध्ये वॉलेस ॲक्रॉइडने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. १९५८मध्ये ही संस्था हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांचे पृथक्करण दिले आहे. आहारतज्ज्ञ तुम्हाला भाकरीतली प्रथिने सांगतात, ती याच वारशातून.

तक्ता वाचायचा कसा

बंद पाकिटांवर पोषणमूल्ये छापणे आपल्याकडे मार्च २००९पासून सक्तीचे झाले. आज लागू असलेले लेबलविषयीचे नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२०मध्ये काढले. त्यांनुसार प्रत्येक घटक १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे किती, हे सांगावे लागते आणि एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो, तेही. दिवसाची गरज धरली आहे ती अशी: २,००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, त्यांत २२ ग्रॅम संपृक्त, २ ग्रॅम ट्रान्स, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम.

आता एक पाकीट मनातच वाचू. समजा १०० ग्रॅम फरसाणात प्रथिने १० ग्रॅम, कर्बोदके ५० आणि स्निग्ध पदार्थ ३५ ग्रॅम आहेत. प्रथिनांचे ४०, कर्बोदकांचे २०० आणि स्निग्ध पदार्थांचे ३१५, एकूण ५५५ किलोकॅलरी. वजनाने तेल जेमतेम तिसरा हिस्सा, पण ऊर्जेत निम्म्याहून जास्त! तो ९चा आकडा इथे बोलतो. सोडियम ८०० मिलिग्रॅम असेल तर त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ मिळते: २ ग्रॅम. दिवसभराच्या ५ ग्रॅमपैकी २ ग्रॅम चहासोबतच संपले.

पण त्याच पाकिटावर ‘एका वेळचे खाणे ३० ग्रॅम’ असे लिहिले असेल, तर मिठाचा हिस्सा ४० टक्क्यांऐवजी १२ टक्के दिसेल. दोन्ही आकडे खरेच. फक्त दोनशे ग्रॅमचे पाकीट फोडून दोघे गप्पा मारत बसले, तर ३० ग्रॅमवर हात कोण थांबवतो? शिवाय २,००० किलोकॅलरी ही सरासरी प्रौढाची गरज आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० किलोकॅलरी पुरतात. पाकिटावर कार्टून मुलांसाठी आणि टक्केवारी मोठ्यांची, असे असले तर आईवडिलांनी तो हिशेब मनातच करायचा.

पुण्याचे बाळ

आता पुण्याची गोष्ट. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासमोर एक कोडे होते: आपल्याकडे मधुमेह तरुण आणि सडपातळ माणसांना का होतो? त्याचा माग काढत ते आणि त्यांचे सहकारी आईच्या पोटापर्यंत पोहोचले. १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडचे बाळ सरासरी २.७ किलोचे, तिकडचे ३.५ किलोचे. आपले बाळ सगळ्याच बाबतींत लहान होते, स्नायू कमी, पोटातले अवयवही लहान. पण खांद्याच्या पाठीमागे त्वचेखाली चिमटीत येणारी चरबी जवळपास तेवढीच! वजनाला हडकुळे, पण अंगात चरबी राखून असलेले बाळ. जगभरच्या वैद्यकाने त्याला ‘थिन-फॅट’ बाळ म्हणून ओळखले.

हेच मोठेपणीही खरे असते, हे २००४मध्ये लॅन्सेट या नियतकालिकातल्या एका पानाने दाखवले. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र त्यात आहे. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, बीएमआय, दोघांचाही २२.३. पाहणाऱ्याला दोघेही सडसडीत. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा आणि आरसा, दोन्ही साक्षीदार खोटे ठरले.

मला वाटते, पोषणमूल्ये सक्तीने सांगण्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा हाच आहे. ‘माझे वजन ठीक आहे, मला काय करायचेत ते आकडे’ असे म्हणण्याची सोय आपल्या शरीराने आपल्याला दिलेलीच नाही. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जे डोळ्यांना दिसत नाही, ते मोजून सांगणारे कुणीतरी हवे. त्याची सुरुवात पाकिटापासून करता येते.

याच पुणे अभ्यासाने लेबलच्या मर्यादाही दाखवल्या. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे जन्मतः मोठी होती. मंडईतल्या मेथीच्या जुडीवर तक्ता नसतो आणि तिला तो लागतही नाही. बहुसंख्य आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची चिन्हे अधिक दिसली. नेहमीच्या सक्तीच्या ओळींत बी-१२ येत नाही. तेव्हा तक्ता म्हणजे संपूर्ण आहारशास्त्र नव्हे. तो एक सुरुवातीचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा हक्क प्रत्येकाला हवा.

एका नजरेत कळायला हवे

मागचा तक्ता वाचायला चष्मा लागतो, गुणाकार लागतो आणि वेळ लागतो. दुकानात गर्दी असताना यातले काहीच हाताशी नसते. यावर चिलीने २०१६मध्ये धाडसी उपाय केला. ऊर्जा, साखर, संपृक्त मेद किंवा सोडियम मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन छापायचा आणि त्यात लिहायचे, ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’. अशा पदार्थांची मुलांना उद्देशून जाहिरात करायला आणि शाळेत विक्रीला बंदी. दीड वर्षाने संशोधकांनी पाहिले, तेव्हा अशी खूण पडलेल्या गोड पेयांची खरेदी २३.७ टक्क्यांनी घटली होती. कंपन्यांनीही पाककृती बदलल्या, म्हणजे जो ग्राहक काहीच वाचत नाही त्याच्याही पोटात साखर कमी जाऊ लागली. सक्तीचे खरे बळ इथे आहे. आकडा उघडा करावा लागणार हे कळले, की कारखाना ग्राहकाच्या आधी बदलतो.

एका नजरेत कळणाऱ्या खुणेचा अनुभव तर भारताला आधीपासून आहे. २००१मध्ये आलेला शाकाहाराचा हिरवा ठिपका आठवा. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही तो कळतो. मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याच्या जागी पुढे त्रिकोण आला, कारण रंगांधळ्या माणसाला हिरवा आणि तपकिरी यांत फरक करता येत नाही. एवढा बारीक विचार आपण करू शकलो. मग साखर, मीठ आणि तेलासाठी का नाही?

२०२२च्या सप्टेंबरमध्ये प्राधिकरणाने ताऱ्यांचा प्रस्ताव मांडला: अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण. त्यात वाईट घटकांचे गुण धरून फळे, सुकामेवा, प्रथिने, तंतू यांच्या गुणांनी ते भरून काढायची सोय होती. आरोग्यक्षेत्रातल्या अनेकांनी हरकत घेतली, आणि ती मला पटते. मूठभर दाण्यांनी मिठाचा परिणाम पुसला जात नाही, मग ताऱ्यांत तो का पुसावा? जुलै २०२४मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त मेद मोठ्या ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने मान्यता दिली. ९ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या इशाऱ्यांबद्दलच्या जनहित याचिकेवर तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी देण्यास सांगितले.

सक्ती कुणावर, किती

सक्तीला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे ऐकायला हवा. बचत गटाच्या बायका चकल्या, लाडू, कुरडया करून विकतात. प्रत्येक पदार्थ प्रयोगशाळेत पाठवायचा खर्च त्यांना पेलणारा नाही. त्यावर मार्ग आहे. भाजणीत काय काय किती, तेल किती शोषले जाते, हे ठरलेले असेल, तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून बराच जवळचा हिशेब करता येतो. अन्न व औषध प्रशासनाने आणि कृषी महाविद्यालयांनी नेहमीच्या शंभरेक मराठी पदार्थांचे असे हिशेब तयार करून मराठीत मोफत द्यावेत. भार सरकारने उचलावा, माहिती खाणाऱ्याला मिळावी.

सुटे फरसाण, हलवायाची मिठाई, कोपऱ्यावरचा वडापाव, यांना आजही तक्ता लागत नाही. शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पुड्यांनाही सूट आहे. हॉटेलांपैकी केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा व त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांनाच मेन्यूवर किलोकॅलरी लिहाव्या लागतात. जून २०२५मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावण्याचा सल्ला दिला आणि नागपूरच्या एम्सच्या उपाहारगृहात असे फलक लागणार या बातमीमुळे समोसा-जिलेबीवर देशभर चर्चा झाली. मंत्रालयाने स्पष्ट केले की रस्त्यावरच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा आदेश नाही. वडापावच्या गाडीवर तक्त्याची सक्ती मलाही नको वाटते. पण शाळेच्या उपाहारगृहात आणि कार्यालयाच्या कँटीनमध्ये एक ठळक फलक असणे अगदी शक्य आहे.

पुण्याची बाकरवडी घ्या. सुटी तोलून घेतली तर कागदी पुड्यात आकडे नाहीत. बंद पाकिटात घेतली तर भारतीय तक्ता. तीच अमेरिकेतल्या मराठी घरी जायची असेल, तर तिथल्या १९९४पासूनच्या नियमांप्रमाणे आणखी एक तक्ता, मोठ्या ठळक अक्षरांत. न्यू जर्सीतल्या ग्राहकाला जे मोठ्या अक्षरांत सांगता येते, ते सदाशिव पेठेतल्या ग्राहकाला पुढच्या बाजूला, मराठीत सांगणे अवघड नाही. पाकीटबंद पदार्थ बनवणाऱ्याकडे आकडा आजच असतो. प्रश्न एवढाच आहे की तो खाणाऱ्यापर्यंत स्पष्ट पोहोचावा की नाही.

माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: पोहोचलाच पाहिजे, सक्तीने, पुढच्या बाजूला, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशा खुणेने. ती खूण येईपर्यंत एवढे तरी करा. पुढच्या वेळी पाकीट घेताना ते उलटा, ‘एका वेळचे खाणे’ हा रकाना सोडून १०० ग्रॅमचा रकाना पाहा, सोडियमला अडीचने गुणा, स्निग्धांशाला नऊने. आणि हा हिशेब घरातल्या शाळकरी मुलाला करायला सांगा. त्याला पाढे येतात, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे हे अन्न त्यालाच खायचे आहे.